एल्मा काचा? सफरचंद कितीला? : मराठीचं बोट धरून बाजारापुरतं तुर्की व्याकरण

तुर्की शिकायला बसलेल्या मराठी माणसाला मी पहिल्यांदा एकच सांगते: इंग्रजीतून जाऊ नका. पुस्तकं इंग्रजीत असतात, मोबाइलवरची ॲपही इंग्रजीत असतात. मग आपण मनातलं मराठी वाक्य आधी इंग्रजीत नेतो आणि तिथून तुर्कीत आणतो. हा उगाचचा हेलपाटा आहे. 'दूध आहे का?' हे वाक्य घ्या. तुर्कीत ते 'स्युत वार मऽ?' असं होतं. स्युत म्हणजे दूध, वार म्हणजे आहे, मऽ म्हणजे का. शब्दाला शब्द, तोच क्रम. क्रियापद शेवटी, विभक्तीचा प्रत्यय नामाला मागून चिकटलेला, 'का' सगळ्यात शेवटी. इंग्रज माणसाला हे अंगवळणी पडायला महिने लागतात. आपल्याला ते जन्मापासून येतं.

इस्तंबूलच्या आशियाई किनाऱ्यावर कादऽक्योय नावाचा भाग आहे. तिथे राहत असताना मी तुर्की वर्गात कमी आणि भाजीबाजारात जास्त शिकले. बाजारात वाक्यं छोटी असतात, तीच तीच पुन्हा येतात, आणि चुकलं तरी समोरचा माणूस पिशवीत कांदे भरतोच. म्हणून हा लेख फक्त बाजारहाटापुरता आहे. एकेक पायरी दोन-तीन दिवस घोळवा, मग पुढची घ्या.

पहिली पायरी: उच्चार, आणि हा लेख वाचायचा कसा

तुर्की 1928 पर्यंत अरबी लिपीत लिहीत असत. त्या वर्षी कायदा करून रोमन लिपी आणली गेली. अक्षरं 29, आणि नियम जवळजवळ असा की एका अक्षराचा एकच आवाज. एक दुपार दिलीत तर दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचता येतील.

आपल्याला इथेही फायदा आहे. नुसता सी दिसला की 'जिल्हा'तला ज. सीखाली शेपटी असेल तर 'चहा'तला च. एसखाली शेपटी असेल तर श. झेड म्हणजे 'झाड'मधल्या झच्या जवळचा, पण हकार नसलेला आवाज. त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे, ट-ड नाही. जीच्या डोक्यावर चंद्रकोर असेल तर त्या अक्षराला स्वतःचा आवाज नसतो, ते मागचा स्वर थोडा लांबवतं. जगभर गेलेला 'योगर्ट' हा शब्द मूळचा तुर्की आहे, पण तुर्क तो 'योउर्त' म्हणतात. कारण मधला जी असा मुका आहे. कांदा म्हणजे 'सोआन', तिथेही तेच.

तीन स्वर मात्र नीट ऐकायला हवेत.

बिनटिंबाचा आय: 'झालं', 'बरं', 'केलं' या शब्दांच्या शेवटी बोलताना जो तोकडा 'अ' येतो, तो. या लेखात मी तो ऽ या चिन्हानं दाखवला आहे. 'मऽ' म्हणजे 'म'चा 'मा' करायचा नाही आणि नुसता पाय मोडका 'म्'ही करायचा नाही. 'बालऽक' म्हणजे मासा, 'कऽर्मऽझऽ' म्हणजे लाल.

दोन टिंबांचा यू: ओठ 'उ' म्हणताना करतो तसे गोल करा आणि आतून 'इ' म्हणा. 'झ्युरिक' शहराचं नाव आपण जसं लिहितो, तसंच मी हा स्वर 'यु' असा लिहिते आहे. मधे खरा 'य' नसतो, हे लक्षात ठेवा.

दोन टिंबांचा ओ: तसेच गोल ओठ आणि आतून 'ए'. तो 'यो' असा लिहिला आहे. 'द्योर्त' म्हणजे चार.

दुसरी पायरी: आहे आणि नाही

दोन शब्द पाठ करा: वार आणि योक. आहे आणि नाही. फक्त या दोन शब्दांवर पहिला आठवडा निघतो.

एक्मेक वार मऽ? पाव आहे का?
वार. आहे.
योक. नाही.

उत्तर देताना तुर्क 'होय, आहे' असं लांबण लावत नाहीत. आपल्याकडच्या वाण्यासारखं नुसतं 'आहे' किंवा 'नाही'. योक म्हणताना बरेच जण भुवया वर करून जिभेचा 'च्' असा आवाज काढतात. ते आपल्यावर चिडलेले नसतात. तो नकार आहे, एवढंच.

आता एक जागा अशी आहे, जिथे मराठी माणूस हमखास अडखळतो. 'दूध नाही' आणि 'दूध ताजं नाही' या दोन्हींत आपण 'नाही'च म्हणतो. तुर्कीत हे दोन वेगळे शब्द आहेत. वस्तूच नसेल तर 'योक'. वस्तू आहे, पण तशी नसेल तर 'देईल'.

स्युत योक. दूध नाही.
स्युत ताझे देईल. दूध ताजं नाही.

यावर माझा उपाय असा: मनात 'नव्हे' म्हणून बघा. 'हे दूध ताजं नव्हे' म्हणता येतं, तिथे देईल. 'दुकानात दूध नव्हे' म्हणता येत नाही, तिथे योक. आजीच्या बोलण्यातला 'नव्हे' असा परदेशात उपयोगी पडतो.

तसंच 'ताजं आहे' यातल्या 'आहे'ला तुर्कीत शब्द लागत नाही. 'बु ताझे' म्हणजे 'हे ताजं'. झालं वाक्य. 'वार' फक्त वस्तू असण्या-नसण्यासाठी. विचारायचं असेल तर 'बु ताझे मि?', हे ताजं का? ताझे म्हणजे ताजं, हे तर सांगायलाच नको. अरबी-फारसीतून आलेले असे शब्द पावलोपावली भेटतील: पेयनिर म्हणजे चीज (आपलं पनीर), बादेम म्हणजे बदाम, द्युक्क्यान म्हणजे दुकान, तेराझि म्हणजे तराजू, शिशे म्हणजे बाटली (आपली शिशी), रेन्क म्हणजे रंग. 'बाश्का रेन्क वार मऽ?', दुसरा रंग आहे का? कपड्यांच्या दुकानात हे एक वाक्य मी किती वेळा वापरलं असेल, मोजता येणार नाही.

तिसरी पायरी: मऽ, मि, मु, म्यु

मघाशी 'वार मऽ' होतं आणि आता 'ताझे मि'. 'का'चं रूप बदललं. तुर्कीचा कणा इथे आहे, म्हणून थोडं थांबू या.

तुर्कीत आठ स्वर आहेत. तुर्क स्वतःच त्यांना जाड आणि पातळ म्हणतात. आ, ऽ, ओ, उ हे जाड. ए, इ, यो, यु हे पातळ. शब्दाचा शेवटचा स्वर जाड असेल तर मागून येणारा प्रत्ययही जाड स्वराचा, पातळ असेल तर पातळ. म्हणजे जीभ एकदा तोंडात मागे गेली की मागेच राहते, पुढे आली की पुढेच.

प्रश्नाच्या 'का'ची चार रूपं अशी:

शेवटचा स्वर आ किंवा ऽ असेल तर मऽ: पाहालऽ मऽ? महाग आहे का?
ए किंवा इ असेल तर मि: ताझे मि? ताजं आहे का?
ओ किंवा उ असेल तर मु: उजुझ मु? स्वस्त आहे का?
यो किंवा यु असेल तर म्यु: ब्युय्युक म्यु? मोठं आहे का?

काही प्रत्ययांना चार नाही, दोनच रूपं असतात. अनेकवचनाचा -लार आणि -लेर: एल्मालार म्हणजे सफरचंदं, झेयतिन्लेर म्हणजे ऑलिव्ह. '-त'साठी -दा आणि -दे: पाझार्दा म्हणजे बाजारात. अपवाद आहेत, विशेषतः अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांत. पण सुरुवातीला त्यांच्या मागे लागू नका.

तक्ता पाठ करण्यापेक्षा मी सुचवेन की दहा शब्द घ्या आणि त्यांना 'का' लावत घरभर फिरा. 'च्युर्युक म्यु?' (सडकं आहे का?), 'तात्लऽ मऽ?' (गोड आहे का?), 'तुझ्लु मु?' (खारट आहे का?), 'तेमिझ मि?' (स्वच्छ आहे का?). चार दिवसांत चुकीचं रूप तुमच्याच कानाला खटकेल. खटकायला लागलं की ही पायरी संपली.

आणखी एक सोय आहे: तुर्कीत लिंग नाही. 'तो', 'ती', 'ते' या तिन्हींना एकच 'ओ'. मोठा, मोठी, मोठं, मोठ्या, सगळ्यांना ब्युय्युक. मराठी शिकणाऱ्या तुर्काच्या वाट्याला जे येतं, त्यातलं काही आपल्या वाट्याला येत नाही.

चौथी पायरी: कितीला?

काच म्हणजे किती. त्याला 'आ' लावला की काचा, म्हणजे कितीला. हा -आ/-ए प्रत्यय आपला 'ला'च समजा. पाझारा म्हणजे बाजाराला, काचा म्हणजे कितीला. किंमत विचारायला 'ला' वापरण्याची सवय दोन्ही भाषांची सारखी आहे, आणि मला हे जेव्हा पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तो काचा शब्द दिवसभर तोंडात घोळवत होते.

एल्मा काचा? सफरचंद कितीला?
किलोसु काचा? किलो कितीला?
तानेसि काचा? नग कितीला?
देमेति काचा? जुडी कितीला?

देमेत म्हणजे जुडी, आणि ताने म्हणजे एक नग. ताने लक्षात ठेवायला आपला 'दाणा' आठवा. या शब्दांना शेवटी जोडलेला -सु, -सि, -इ म्हणजे 'त्याचा': त्याचा किलो, त्याचा नग. नाम स्वरान्त असेल तर मधे 'स' येतो, व्यंजनान्त असेल तर येत नाही. हाच प्रत्यय जोडनामांतही दिसतो. इस्तंबूलमधला मसाल्यांचा प्रसिद्ध बाजार म्हणजे मऽसऽर चार्शऽसऽ. 1660च्या दशकात बांधलेला. मऽसऽर म्हणजे इजिप्त, जुन्या मराठीतला मिसर देश. चार्शऽ म्हणजे बाजार आणि शेवटचा -सऽ म्हणजे 'चा'. इजिप्तचा बाजार. चार्शऽ हा शब्द फारसीतल्या 'चार बाजू' या अर्थाच्या शब्दापासून आला आहे.

काचा जमलं नाही तर 'बु ने कादार?' म्हणा, 'हे किती?' हे कुठेही चालतं, मॉलमध्येही.

उत्तर आकड्यात येणार, तेव्हा आकडे हवेतच. बिर, इकि, युच, द्योर्त, बेश, आल्तऽ, येदि, सेकिझ, दोकुझ, ओन. दहापर्यंत झाले. मग दशक: यिर्मि 20, ओतुझ 30, कऽर्क 40, एल्लि 50, आल्त्मऽश 60, येत्मिश 70, सेक्सेन 80, दोक्सान 90. युझ 100, बिन 1000. एवढंच. एकोणपन्नास, सदुसष्ट, त्र्याऐंशी असली रूपं इथे नाहीत. 67 म्हणजे साठ सात, आल्त्मऽश येदि. 150 म्हणजे युझ एल्लि, आणि शंभराच्या आधी 'एक' म्हणायचा नाही. बिर आणि बिन यांत मात्र घाईत गल्लत होते, म्हणून कान तिथे ठेवा.

आकड्यानंतर नाम एकवचनीच राहतं. तीन लिंबं म्हणजे 'युच लिमोन', 'युच लिमोन्लार' नाही. आपल्याला अनेकवचन करायचा मोह होतो. तीन म्हटल्यावर पुन्हा अनेक कशाला सांगायचं, असा तुर्कीचा हिशेब.

अर्ध्यासाठी दोन शब्द आहेत, आणि ते मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. नुसतं अर्धं असेल तर यारऽम: यारऽम किलो, अर्धा किलो. पूर्ण आकड्यावर अर्धं असेल तर बुचुक: युच बुचुक किलो, साडेतीन किलो. बुचुक म्हणजे आपलं 'साडे', फक्त आकड्याच्या मागून येणारं. दीड आणि अडीचला स्वतंत्र शब्द नाहीत, बिर बुचुक आणि इकि बुचुक. पाव किलो हवा असेल तर लोक सरळ 'इकि युझ एल्लि ग्राम' म्हणतात.

चलन लिरा. 2005च्या जानेवारीत तुर्कस्तानानं जुन्या लिरावरची सहा शून्यं काढून टाकली. महागाईमुळे भाव पुन्हा भराभर बदलत राहिले, त्यामुळे या लेखातले भाव फक्त सरावासाठी आहेत.

पाचवी पायरी: हे, ते, आणि नेमकं हेच

बु म्हणजे हे, ओ म्हणजे लांबचं ते. या दोघांच्या मधे शु आहे. बोट दाखवून 'ते बघा, ते' म्हणतो, तो शु. दुकानात सगळ्यात जास्त लागणारा शब्द हाच.

आता एक गोष्ट, जी मराठीत नाही. 'मला पिशवी हवी' आणि 'मला ही पिशवी हवी' यांत आपण पिशवीला काहीच लावत नाही. तुर्कीत कुठलीही एक पिशवी असेल तर शब्द उघडाच राहतो. पण नेमकी हीच असेल तर तिला -ऽ, -इ, -उ, -यु यांपैकी एक प्रत्यय लावायचा.

बिर चान्ता इस्तियोरुम. एक पिशवी हवी.
बु चान्तायऽ इस्तियोरुम. ही पिशवी हवी.

चान्ता आकारान्त आहे, म्हणून मधे 'य' आला. नुसतं 'हे हवंय' म्हणायचं तर बुनु इस्तियोरुम, 'ते द्या' म्हणायचं तर शुनु. शब्द 'क'नं संपत असेल तर प्रत्यय लागताना तो 'क' बहुधा विरघळतो: एक्मेक, पण एक्मेइ. आपलं सामान्यरूप जसं शब्दाची शेवटची मात्रा बदलतं, तसंच काहीसं. सुरुवातीला हा प्रत्यय विसरलात तरी वस्तू मिळते. पण कान लावून ऐकत राहा, कारण विक्रेता तो कधीच विसरत नाही, आणि तो काय म्हणतो ते समजायला हा लागतो.

सहावी पायरी: यातलं आणि याहून

-दान/-देन हा प्रत्यय म्हणजे आपली पंचमी. मानाव्दान म्हणजे भाजीवाल्याकडून. कठोर व्यंजनामागे 'द'चा 'त' होतो, म्हणून सुपरमार्केटमधून म्हणजे मार्केत्तेन. हे झालं पुस्तकी. बाजारात त्याचे दोन उपयोग फार मोलाचे आहेत.

एक, 'यातलं'. बुन्दान यारऽम किलो: यातलं अर्धा किलो. वस्तूचं नाव येत नसलं तरी बुन्दान आणि शुन्दान यांवर अख्खी खरेदी होते. अनोळखी हिरव्या भाज्यांच्या ढिगापुढे उभी राहून मी कितीदा नुसतं 'शुन्दान बिर देमेत' म्हटलं आहे. घरी नेऊन शिजवायची आणि नाव मग विचारायचं.

दोन, 'याहून'. बुन्दान दाहा उजुझ: याहून स्वस्त. दाहा म्हणजे आणखी, जास्त. सगळ्यात स्वस्त म्हणायचं तर एन उजुझ. 'दाहा उजुझु वार मऽ?', याहून स्वस्तातलं आहे का? 'दाहा क्युच्युयु वार मऽ?', याहून लहान आहे का? उजुझच्या मागे लागलेला -उ ओळखलात ना? किलोसुमधला तोच.

इथेच -लऽ/-लि/-लु/-ल्यु आणि -सऽझ/-सिझ/-सुझ/-स्युझ ही जोडीही शिकून घ्या. पहिला म्हणजे 'असलेलं', दुसरा म्हणजे 'बिन'. शेकेर्लि साखरेचं, शेकेर्सिझ बिनसाखरेचं. तुझ्लु खारं, तुझ्सुझ अळणी. एत्लि मांस असलेलं, एत्सिझ बिनमांसाचं. शाकाहारी असाल तर पाठ करून ठेवा: 'इचिन्दे एत वार मऽ?', यात मांस आहे का? मसुराचं सूप दिसायला डाळीचंच असतं, पण कधी ते मांसाच्या रश्श्यात केलेलं असतं. म्हणून पुढे विचारा, 'एत सुयु वार मऽ?' एत सुयु म्हणजे मांसाचं पाणी, रस्सा.

आणि -चऽ/-चि/-चु/-च्यु किंवा -जऽ/-जि/-जु/-ज्यु हा 'वाला' प्रत्यय. बालऽक्चऽ मासेवाला, स्युत्च्यु दूधवाला, फऽरऽन्जऽ भट्टीवाला. आपल्याकडे तोपची, मशालची या शब्दांत हाच तुर्की प्रत्यय फारसीमार्गे येऊन बसला आहे.

सातवी पायरी: देऊ, घेऊ, बघू

हवंय म्हणजे इस्तियोरुम, नकोय म्हणजे इस्तेमियोरुम. शब्द फोडून बघा: इस्ते-मि-योर-उम. इच्छिणं, नकार, आत्ता, मी. 'मी' शेवटी चिकटलेलाच आहे, म्हणून वेगळा 'बेन' म्हणायची गरज नाही. दुकानात शिरताच कुणी मागे लागलं तर 'सादेजे बाकऽयोरुम', नुसतं बघतेय. बाई बोलो की पुरुष, रूप तेच.

पण बाजारात खरे लोक 'इस्तियोरुम' कमी म्हणतात. विक्रेता विचारतो, 'ने वेरेयिम?', काय देऊ? गिऱ्हाईक म्हणतं, 'बिर किलो आलायऽम', एक किलो घेऊ का, घेतो, असं काहीतरी. दुसऱ्या दुकानात जायचं असेल तर 'बिर बाकायऽम', जरा बघू. हा -आयऽम/-एयिम म्हणजे अगदी आपला 'ऊ'. इंग्रजी पुस्तकांत हे रूप फार उशिरा येतं, कारण इंग्रजीत त्याला सोपा जोड नाही. आपण ते पहिल्याच आठवड्यात घ्यावं. आलायऽम म्हणणारा माणूस बाजारातला वाटतो, इस्तियोरुम म्हणणारा पुस्तकातला.

नम्रपणे मागायचं तर 'वेरिर मिसिनिझ?', द्याल का? यातला -सिनिझ म्हणजे तुम्ही. तुर्कीतही तू आणि तुम्ही वेगळे आहेत, सेन आणि सिझ. अनोळखी माणसाला सिझच. परवानगी मागायची तर -बिलिर मियिम: 'देनेयेबिलिर मियिम?', घालून बघू शकते का?

झेयतिनच्या, म्हणजे ऑलिव्हच्या गाड्यापाशी लागणारं वाक्य मला सगळ्यात आवडतं: 'तादऽना बाकाबिलिर मियिम?' तात म्हणजे चव, बाक्माक म्हणजे बघणं. तुर्कही चव 'बघतात'. काळे, हिरवे, सुरकुतलेले, चिरा दिलेले, लिंबात मुरवलेले ऑलिव्ह घमेल्यांत मांडलेले असतात. हे वाक्य म्हटलं की विक्रेता चमच्यानं एक उचलून तळहातावर ठेवतो. बी कुठे टाकायची, तेही तोच हातानं दाखवतो.

आठवी पायरी: भाव आणि मोड

घासाघीस म्हणजे पाझार्लऽक, शब्दशः 'बाजारपणा'. पाटीवर भाव लिहिलेल्या दुकानात आणि सुपरमार्केटमध्ये ती करत नाहीत. भाजीबाजारातही पाटी लावलेल्या टोमॅटोसाठी घासाघीस करणं बरं दिसत नाही. गालिचे, चामडं, दिवे, शोभेच्या वस्तू यांसाठी ती चालते, विशेषतः कापालऽचार्शऽत. 1453 साली इस्तंबूल जिंकल्यानंतर सुलतान दुसरा मेहमेद यानं बांधायला घेतलेला हा झाकलेला बाजार. कापालऽ म्हणजे झाकलेला, आणि बंदसुद्धा. दारावर कापालऽ अशी पाटी दिसली तर दुकान बंद आहे, आचऽक असेल तर उघडं. हा बाजार रविवारी बंद असतो.

'चोक पाहालऽ', फार महाग. 'बिराझ इन्दिरिम ओलुर मु?', थोडं कमी होईल का? ओलुर म्हणजे होईल, चालेल. ओल्माझ म्हणजे नाही जमणार. 'बेश युझ लिराया ओलुर मु?', पाचशे लिराला होईल का? लिराला पुन्हा तोच 'ला' लागला. ओलुर म्हटल्यावर मात्र मागे फिरू नका. तो सौदा झाला.

पैसे देताना आणखी एक ओळखीचा चेहरा भेटतो. सुट्टे पैसे म्हणजे बोझुक पारा. बोझ्माक म्हणजे मोडणं, बिघडवणं. आपण नोटेची मोड मागतो, तुर्कही नोट मोडतात: 'युझ लिरायऽ बोझार मऽसऽनऽझ?', शंभर लिरा मोडून द्याल का? आणि एखाद्या यंत्रावर बोझुक लिहिलेलं दिसलं तर ते मोडलेलं आहे, त्यात नाणं टाकू नका.

गल्ल्यावर (गल्ला म्हणजे कासा) दोन प्रश्न येणार. 'नाकित मि, कार्त मऽ?', रोख की कार्ड? नाकित म्हणजे आपलं नगद. आणि 'पोशेत इस्तेर मिसिनिझ?', पिशवी हवी का? 2019पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, म्हणून विचारतात. घरून पिशवी नेली असेल तर 'इस्तेमियोरुम, तेशेक्क्युर एदेरिम', नको, धन्यवाद.

नववी पायरी: आब्ला, आबि, आणि भवानी

व्याकरण बरोबर आलं तरी हाक चुकली की बोलणं कोरडं राहतं. तुर्की बाजारात नात्यानंच हाक मारतात. आब्ला ताई, आबि दादा, आम्जा काका, तेयझे मावशी. तेयझे ही नात्यानंही आईची बहीणच, आणि आम्जा वडिलांचा भाऊ. पालेभाजी विकणाऱ्या म्हातारीला मी तेयझे म्हटलं की ती एक काडी कोथिंबिरीसारखी पार्सली वर टाकायची.

काम करणाऱ्या कुणाहीजवळ गेल्यावर 'कोलाय गेल्सिन' म्हणा: काम सोपं जावो. निघताना 'हायऽर्लऽ इश्लेर': धंदा चांगला होवो. पैसे हातात घेताना विक्रेता 'बेरेकेत वेर्सिन' म्हणेल, त्यात बरकत ऐकू येते. नवी वस्तू घेतलीत तर 'ग्युले ग्युले कुल्लानऽन', हसत हसत वापरा. आणि सकाळी सकाळी गेलात तर 'सिफ्ताह' ऐकाल. सिफ्ताह म्हणजे भवानी, दिवसाची पहिली विक्री. काही जुने विक्रेते ती नोट कपाळाला किंवा हनुवटीला लावतात, हे बघून मला आमच्या गावच्या बाजारातली मासेवाली आठवायची.

आठवडी बाजार तिथे वस्तीवस्तीत वार ठरवून भरतात. कादऽक्योयचा सालऽ पाझारऽ म्हणजे मंगळवारचा बाजार. पाझार म्हणजे बाजार आणि पाझार म्हणजे रविवारही, तेव्हा वाक्य पुरतं ऐका.

आता हे सगळं एकत्र. मोठ्यानं, दोन आवाजांत वाचा.

— बुयुरुन आब्ला, ने वेरेयिम? (या ताई, काय देऊ?)
— कोलाय गेल्सिन. शु झेयतिन काचा? (ते ऑलिव्ह कितीला?)
— किलोसु युच युझ लिरा. (किलो तीनशे लिरा.)
— तादऽना बाकाबिलिर मियिम? (चव बघू का?)
— ताबिइ, बुयुरुन. (हो तर, घ्या.)
— चोक ग्युझेल, आमा बिराझ तुझ्लु. दाहा आझ तुझ्लुसु वार मऽ? (छान आहे, पण जरा खारट. याहून कमी खारट आहे का?)
— वार. बुन्लार दाहा आझ तुझ्लु. (आहे. हे कमी खारट आहेत.)
— बुन्दान यारऽम किलो आलायऽम. (यातले अर्धा किलो घेते.)
— बाश्का ने वेरेयिम? (आणखी काय देऊ?)
— बाश्का बिर शेय इस्तेमियोरुम. (आणखी काही नको.)
— युझ एल्लि लिरा. बोझुक वार मऽ? (दीडशे. सुट्टे आहेत का?)
— माआलेसेफ योक. (नाहीत हो.)
— ओल्सुन. बेरेकेत वेर्सिन. (असू दे. बरकत येवो.)
— हायऽर्लऽ इश्लेर, आबि.